आतून कडी

काउंटरवरच्या माणसाने आधी माझी बोटं बघितली.
राखेने घासली होती, खोबरेल चोळलं होतं,
सातव्या महिन्यापासून कारखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं,
तरी काजूबियांच्या तेलाचा काळा डाग
नखांच्या कडेला अजून होताच.

"वेगळी खोली? कोणासाठी?"
माझ्यासाठी.
"दिवसाला नऊशे."
ठाऊक होतं. भिंतीवर लिहिलंय,
लसीच्या तक्त्याखाली, आणि मला वाचता येतं.

नऊशे म्हणजे पन्नास किलो गर.
अठरा रुपये किलो, तुकडा निघाला की बारा.
एक हात भिंतीला, टाके ओढतायत,
आणि मी उभ्या उभ्या पन्नास किलो सोलून मोकळी.

सासू मागून कुजबुजली, सगळ्या वेंगुर्ल्याला ऐकू जाईल असं:
"कित्याक व्हयी तुका खोली? वार्डात काय वाघ आसा?"

वाघ नाही.
आठ खाटा, आठजणींच्या आया,
कुणाची तरी एक नणंद, जी प्रत्येक पाळण्यात वाकते
आणि नाक कोणाचं ते ठरवून मोकळी होते.
मेथीचा वास, मुंबईला लागलेले मोठमोठ्याने फोन,
आणि एक पडदा, तीनच बाजूंना पुरणारा.

घरी आम्ही नऊ.
सहा वर्षं झाली लग्नाला, माझ्यामागे
एकही दार बंद झालेलं आठवत नाही.
न्हाणीला पोतं लावलंय.
कारखान्याच्या संडासाचं दार
बाहेरून कोणीतरी धरून उभं राहावं लागतं.
हे त्या माणसाला काय सांगू?
म्हटलं, "माका थंय झोप येणा नाय."

त्याने पावती फाडली. खोली नंबर दोन.

खोलीला आतून कडी नव्हती.
कडीची चार भोकं होती, रंग भरून बुजवलेली.
सिस्टर मिनेझिस म्हणाली, "चक्कर येऊन पडलीस तर
दार कोण तोडणार, मी?"
मग कुठून तरी एक स्टूल घेऊन आली,
दाराजवळ ठेवलं, म्हणाली, "मी टकटक करीन."
स्टुलावर मी पेजेचा डबा ठेवला. वजन म्हणून.

काय केलं त्या खोलीत?
काही नाही.
पोट उघडं करून बघितलं:
खाडीचं पाणी ओसरल्यावर चिखल दिसतो तसं,
मऊ, नागमोडी रेघांचं.
थोडं रडले. कारण शोधायला गेले नाही.
पोरीचं नाक निरखलं, ते कोणाचंच नव्हतं.
तिच्या मुठीत बोट दिलं. तिने धरलं,
कसलं आहे ते न बघता.

तीनच्या सुमाराला टकटक.
सिस्टर नव्हे. चार नंबरची सुगंधा, शिरोड्याची.
तिचं बाळ परवा रात्री गाडीतून बांबोळीला नेलं,
आता काचेच्या पेटीत आहे, नवरा तिकडे,
ही इकडे, गाऊन पुढून भिजलेला.
हातात वाटी, वाटीवर ताटली.
"दूध काढूचा आसा," म्हणाली. "थंय सगळी बघतत.
अर्धो तास देशीत गे?"

मी हिशेब केला नाही.
खोटं. केला.
अर्धा तास म्हणजे एक किलो आणि वर मूठभर.

पोरीला उचललं, डबा राहू दिला,
बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसले.
सासू आली, थर्मास हातात. "तू भायर कशाक?
पैसे भरलव मा?"
आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला.
"भरलव," मी म्हटलं.
"हे बाकडं जरा दाराला टेकवा."

तिने थर्मास खाली ठेवला.
एक टोक धरून ओढायला लागली,
पुटपुटत, नऊशे रुपये, नऊशे रुपये.